बाबा, मोहफुलं आणि धमतरीपलीकडचं एक गाव

नाशिकला जाऊन आलेल्या मैत्रिणी द्राक्षमळ्यांचे आणि काचेच्या उंच पेल्यांचे फोटो पाठवतात, तेव्हा मी त्यांना एवढंच लिहिते की आमच्या रायपूरकडे द्राक्षं नाहीत, पण मोह आहे. असं मी बरीच वर्षं नुसतं लिहीत होते. मोहाची दारू कशी काढतात, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. या मार्चमध्ये ऑफिसातल्या एका सहकारिणीनं कुंतीचा नंबर दिला. कुंती तिशीतली गोंड मुलगी. रायपुरात शिकली, इथंच नोकरी केली आणि आता सहा-सहा माणसांना घेऊन एका दिवसाची सहल काढते. सकाळी अभनपुरजवळ तांदूळ, मग धमतरीच्या अलीकडे उडदाच्या डाळीची बिजौरी करणाऱ्या बायका आणि दुपारी तिच्या स्वतःच्या गावात मोहाची भट्टी आणि जेवण. मी दोन जागा सांगितल्या. एक माझी, एक बाबांची.

बाबांना मात्र मी तांदूळ आणि बिजौरीच सांगितली.

याचं कारण आधी सांगते. माझे बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. तरुणपणी चंद्रपूरकडून इकडे सरकारी नोकरीवर आले, तेव्हा रायपूर कशाचीच राजधानी नव्हतं. त्या नोकरीतली कितीतरी वर्षं ते हातभट्टीची दारू पकडणाऱ्या पथकात होते. घरात ते नोकरीबद्दल कधी बोलले नाहीत, पण रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात यायचा. खोकल्याच्या औषधाची बाटली आणली तरी ते चष्मा लावून वाचायचे, आत काय काय आहे ते. आई गेल्यापासून ते सकाळी तलावाला एक चक्कर मारतात आणि उरलेला दिवस खुर्चीत काढतात. त्यांना कुठंतरी न्यायचंच, असं मी ठरवलं होतं. एकदा गावात पोचलो की नाही कशाला म्हणतील, असा माझा हिशोब होता. तो चुकला.

सकाळी सहाला गाडी दारात आली. गाडीत भिलाईचं एक नवं लग्न झालेलं जोडपं, पुढं ड्रायव्हरभैयांशेजारी कुंती आणि मागं आम्ही बापलेक. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"कोणाच्या लग्नाले जाऊन राहिलो का आपण?" मी विचारलं.

"बाहेरच्या लोकांत जायचं म्हणजे नीट जावं माणसानं," ते म्हणाले. पण खूश होते. खिडकीजवळची जागा त्यांनी मागून घेतली.

अभनपुरला पोचायला तासभरही लागत नाही. रस्ता जगदलपूरकडे जाणारा हमरस्ता, ट्रक पुष्कळ, पण सकाळी लवकर निघालात तर त्रास नाही. गावाबाहेर एका कुटुंबाची छोटी राइस मिल आहे. तिथं कुंतीनं आमच्या तळहातांवर दूबराज या सुवासिक तांदळाचे चार-चार दाणे ठेवले आणि नुसते चोळून हुंगायला सांगितले. भिलाईच्या मुलीनं "अरे, ये तो खीर जैसा है!" म्हणून हात नवऱ्याच्या नाकाला लावला. बाबांनी मात्र मिलवाल्याला तांदूळ नवा की जुना, कोंडा कितपत काढता, असं इतकं खोदून विचारलं की तो त्यांना सेठजी म्हणायला लागला. न्याहारीला तांदळाच्या पिठाचे फरे, वाफवून तिळाच्या फोडणीत परतलेले, आणि टोमॅटोची चटणी. बाबांनी दोनदा घेतले. दोन किलो दूबराज आम्हीही घेतला. तुम्ही गेलात तर रोख पैसे जवळ ठेवा, तिथं मोबाइलला रेंज येते-जाते.

बिजौरीच्या अंगणात तर ते आणखी खुलले. उडदाच्या वाटलेल्या डाळीत कोहळ्याच्या बिया आणि तीळ घालून थापलेल्या चकत्या खाटांवर सुकत होत्या. आपल्या सांडग्यांचीच बहीण म्हणा. चार बायका गप्पा मारत थापत होत्या. त्यातल्या एकीनं बाबांपुढं परात सरकवली. बाबांनी बाह्या दुमडल्या आणि पाच-सहा चकत्या थापल्या. एकही गोल आली नाही.

"तुझी आई असती तर हसली असती पोट धरून," ते मला म्हणाले. आई गेल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांनी तिचं नाव हसत घेतल्याचं मला आठवत नाही.

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. धमतरी मागं पडली आणि रस्ता सालाच्या जंगलात शिरला तेव्हा कुंती मागं वळून म्हणाली, "अब मेरे गाँव चलेंगे. फूफू ने आज ही भट्टी चढ़ाई है. महुआ गरम-गरम टपकते देखना."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. परक्या माणसाकडं पाहावं तसं.

"तुले माहीत होतं?"

"हो, बाबा."

"मग सांगतलं काहून नाही?"

बाबांनी बाह्या खाली ओढल्या, बटणं लावली आणि पुढचा अर्धा तास ते खिडकीबाहेर बघत राहिले. खरं सांगते, त्या अर्ध्या तासातलं जंगल मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की झाडांखालची जमीन पालापाचोळा झाडून चकचकीत केलेली होती आणि तिच्यावर फिकट पिवळी, टपोरी मोहफुलं पडली होती. बायका टोपल्यांत वेचत होत्या. खिडकीतून येणारा वास इतका गोड आणि जड होता, की जिभेवर बसावा.

गावात गाडी थांबली. "मी इथंच बसतो," बाबा म्हणाले. "तुम्ही पाहून या."

मी उतरले. काय करणार? कुंतीची फूफू, म्हणजे आत्या, तिचं नाव इतवारीन. साठीची, सडपातळ, हातांवर गोंदण. परसात तीन दगडांच्या चुलीवर मोठं मडकं होतं. त्यात आठवडाभर भिजवून आंबवलेली मोहफुलं शिजत होती. त्यावर दुसरं मडकं, त्यावर थंड पाण्याचं भांडं आणि सगळे सांधे मातीनं लिंपलेले. वाफ वर जाते, गार होते आणि बांबूच्या नळीतून थेंब थेंब खाली पडते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. विक्रीसाठी इथं काही नसतं, आदिवासी घरांना आता आपल्यापुरती काढायची मुभा आहे आणि आपण पाहुणे म्हणून चव घ्यायची, हे कुंतीनं आधीच बजावलं होतं. भिलाईचा नवरा व्हिडिओ काढत होता. माझं लक्ष गाडीकडं.

इतवारीननं ते पाहिलं. "बबा काबर नइ उतरिस?" तिनं विचारलं. म्हातारबाबा का उतरले नाहीत? कुंतीनं काहीतरी सांगायच्या आत ती पाण्याचा तांब्या भरून गाडीकडं निघालीसुद्धा. मी मागोमाग.

तिनं दारातून तांब्या पुढं केला. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही तिकडची रीत. बाबांनी पाणी घेतलं नाही. ते गाडीतून खाली उतरले, तिच्यासमोर सरळ उभे राहिले आणि मोडक्या छत्तीसगढ़ी-हिंदीत म्हणाले, "बाई, पहिले सुन लो. मैं दारू पकड़ने वाला था. सरकारी नौकर. बहुत साल. तुम्हारे जैसे घरों के मटके मैंने फोड़े हैं."

तिनं तांब्या तसाच धरून ठेवला. "ए गाँव मा?"

"नहीं. दूसरी तरफ. बहुत दूर."

आणि मग, मी कधीच न ऐकलेली गोष्ट त्यांनी त्या उन्हात उभ्याउभ्या सांगितली. एका गावात मुलीचं लग्न होतं, दुसऱ्या दिवशी. पथक पोचलं तेव्हा घरात भरलेली मडकी होती. विकायची नव्हती, लग्नाची होती, हे त्यांना दिसत होतं. 'ती मी फोडली,' हे बाबांचे शब्द. मुलीची आई ओरडली नाही, रडली नाही. खापऱ्या गोळा करता करता तिनं एवढंच विचारलं, की आता पुरख्यांना काय देऊ? बाबा तेव्हा इकडे नवीन होते. पुरखा म्हणजे पूर्वज, हे त्यांना दोन दिवसांनी कुणीतरी सांगितलं. लग्न तोवर होऊन गेलेलं होतं.

"मी नोकरी करून राहिलो होतो," ते आता माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले. "त्या दारूनं घरं बुडालेली मी पाहिली आहेत, पोरी. ते काम वाईट नव्हतं. पण त्या दिवशी मी निघून गेलो असतो, न पाहिल्यासारखं केलं असतं, तर कोणी मले विचारलं नसतं."

इतवारीननं बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता ती हाकलून देणार आणि तिनं हाकललं तर आपण काय बोलणार?

"हमर घर के घलो फूटे रिहिस," ती म्हणाली. तिच्या लहानपणी तिच्या घरचीही मडकी एकदा फुटली होती. शिपाई दिसले की पोरीबाळी मडकी उचलून तळ्याकडं पळायच्या, त्यात तीही असायची. मग ती हळूच म्हणाली, "ओ दाई के बदला मैं माफी नइ दे सकंव, बबा. ओ ह ओकरे हाथ मा रिहिस." त्या आईच्या वतीनं मी माफी देऊ शकत नाही, ते तिच्याच हातात होतं.

"हव," बाबा म्हणाले. एवढंच. हव म्हणजे हो.

"फेर पानी तो पी." पण पाणी तर पी.

बाबांनी तांब्या घेतला आणि गटागटा प्यायले. तिनं त्यांच्या कोपराला धरून परसात नेलं आणि खाटेवर बसवलं. नळीखालच्या भांड्यातली पहिल्या धारेची मोहाची दारू तिनं पानाच्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, ओतली. इथं कुणीही पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडतात, पुरख्यांसाठी. ते घरातलं माणूस करतं. इतवारीननं दोना बाबांच्या हातात दिला.

"आज तैं दे." आज तू दे.

बाबांनी चपला काढल्या. मला वाटलं होतं चार थेंब सांडतील, पण त्यांनी अर्धा दोना सावकाश मातीत ओतला. ओठ हलत होते. काय म्हणाले ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. भिलाईच्या मुलानं मोबाइल आपणहून खिशात ठेवला होता.

उरलेल्या अर्ध्या दोन्याकडं बाबा बघत बसले. इतवारीन म्हणाली, "चीख ले." चाखून बघ. शहात्तर वर्षांच्या त्या माणसानं डोळे मिटून एक घोट घेतला आणि असं तोंड केलं, की आधी इतवारीन हसली, मग कुंती, मग आम्ही सगळेच.

"कशी आहे?" मी विचारलं.

"वास येवढा गोड आणि चव अशी!" ते खोकत म्हणाले. "यासाठी लोक रात्र-रात्र पळत होते आमच्यापासून?"

दुसरा घोट त्यांनी घेतला नाही. मी घेतला. घशात विस्तव आणि मागून फुलांचा वास. ज्यांना प्यायची नाही त्यांनी मोहाचे लाडू खावेत. वाळवलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटलेली, आमसुलासारखी काळपट आणि खजुरासारखी गोड. जेवायला दूबराजचा भात, उडदाची डाळ, भोकराच्या कळ्यांची बोहार भाजी आणि चुलीवर भाजलेल्या टोमॅटोची चटणी. सहलीचा खर्च माणशी दीड हजाराच्या आत येतो, त्यात गाडी आणि दोन्ही वेळचं खाणं. टोपी न्या, पाणी जास्त न्या. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा हा मोहाचा मोसम. फुलं पहाटे गळतात, ती वेचताना बघायची असतील तर आदल्या दिवशी गावात मुक्कामाची सोय कुंती करून देते.

निघताना इतवारीननं बाबांना लाडवांची पुडी दिली. बाबांनी खिशात हात घातला, मग तसाच बाहेर काढला आणि दोन्ही हात जोडले. मला ते बरं वाटलं.

परतीच्या वाटेत मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, तुम्हाला फसवून आणलं.

"हो, फसवलंस," ते म्हणाले. "सांगतलं असतं तर मी आलो नसतो. पण पुढं असं नको करू. माणसाले तयारी करायला वेळ लागते." मग धमतरीपासून अभनपुरपर्यंत ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर झोपायचे, हे उलटं पहिल्यांदाच झालं. अंधार पडायच्या आत आम्ही घरी होतो.

आता या सहलीला पंधरा दिवस झाले. तांदूळ अर्धा संपला. लाडू माझ्या मुलीनं एका दिवसात संपवले. तिला आजोबांनी ती गोष्ट पूर्ण सांगितली, मराठीत. तिनं मधूनमधून हिंदीत प्रश्न विचारले. नोकरीतल्या बाकीच्या गोष्टीही आता निघतात, चांगल्याही, हसायच्याही. वडील कोण होते, हे मला पन्नाशीला टेकताना कळतंय. कुणी म्हणेल एका दिवसाच्या सहलीतून एवढं मिळत नाही. बरोबर आहे, नेहमी मिळत नसेल.

हे सगळं छापण्याआधी मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांची गोष्ट, त्यांची परवानगी हवीच. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. लग्नघराच्या प्रसंगात मी लिहिलं होतं, 'त्या धावपळीत मडकी फुटली.' तिथं त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"'फुटली' नको लिहू," बाबा म्हणाले. "'मी फोडली' असं लिही."