दक्षिणेकडे तोंड करून

माझा डावा पाय जन्मापासून दोन बोटे आखूड. सन तीसच्या सुमारास मी रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होतो. सोबतचे चौघे संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला निघाले की विचारीत, "काय हो, येताय?" मी म्हणे, "काम आहे." पुढे त्यांनी विचारणेच सोडले, आणि मी काम नसतानाही दौत ढवळीत बसू लागलो.

एका रविवारी एकटाच पुळणीवर गेलो. ती समुद्राकडे उतरती. दक्षिणेकडे निघालो तर लांब उजवा पाय उताराला, आखूड डावा चढाला, आणि मी चक्क सरळ चालतोय! ओल्या वाळूत आभाळ उतरले होते. त्या आभाळावरून, झोपेत चालावे तसा, मी किती वेळ चालत राहिलो कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटले, "आज मी येतो." वाळूवर माझी चाल पाहून थोरले कारकून थबकले.

"अहो, लंगड कुठं गेली?"

"पूर्णगडच्या वैद्याचं तेल," मी ठोकून दिले.

मला परतीचा विचार सुचलाच नव्हता. खाडीचे तोंड आले आणि सगळे वळले. आता आखूड पाय उताराला!

"तुम्ही व्हा पुढं. मी सूर्यास्त बघतो."

"सूर्य बुडून घटका झाली की!"

जीव मुठीत धरून एक पाऊल टाकले आणि कोटाटोपीसह लाटेत आडवा झालो. टोपी तरंगत निघाली. क्षणभर कोणी हसेना. तेच मला जास्त लागले. मग थोरले म्हणाले, "मेल्या, तेल उतरलं वाटतं!" आणि सगळे खदखदून हसले. मीही.

पाण्यात बसूनच उताराची सारी हकिगत सांगितली. थोरल्यांनी ती अर्ज वाचावा तशी ऐकली.

"मग उलटं चला. तोंड इकडंच, पाठ घराकडं."

"एकटाच? लोक काय म्हणतील?"

"एकटा कशाला?" म्हणत ते माझ्या शेजारी पाठमोरे झाले. मग बाकीचेही.

पाच कारकून मागे मागे सरकत निघाले. कोणी कोळ्यांच्या दोरात अडकले, कोणी मला धरले, कोणाला मी. अंधुक उजेडात समोर वाळूत आमची उमटलेली पावले लांबत होती, माझीही त्यांत, सगळ्यांचे चवडे दक्षिणेकडे. पाहणाऱ्याला वाटले असते, पाच माणसे चालत गेली ती गेलीच. परत कोणी आलेच नाही.