सासूबाईंच्या वाटचं कणीस

दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास आला आणि मी तीस वर्षं मागे गेले. कसबा पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांकडे, अशाच खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. किडल्या होत्या दोनच दाढा, पण मीच म्हटलं, “या वयात सारख्या खेपा कोण घालणार? सगळेच काढा, कवळी बसवा.”

“अगं, बाकीचे चांगले आहेत,” त्या पुटपुटल्या. कोणी ऐकलं नाही. पुढे त्यांचं आवडतं कणीस मी किसून द्यायचे आणि त्याला सेवा म्हणायचे.

आज माझी सून डॉक्टरांना तेच म्हणाली. मी ताठ बसले. “तोंड माझं आहे, मला विचारा. दाढ भरा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. खेपा मी घालीन.”

बाहेर पडल्यावर दोन भाजलेली कणसं घेतली.

“मला नको हं,” सून म्हणाली.

“तुला कोण देतंय? दुसरं माझ्या सासूबाईंच्या वाटचं आहे.”