बानू आकड्यात न्हाई

"ते मूल बाहेर न्या. फोटो खराब होतोय."

जिल्ह्याचा साहेब माइकवरनंच बोलला. सांगलीतलं गारेगार सभागृह. भिंतीएवढा पडदा, त्यावर आमच्या तालुक्याफुडं मोठ्ठं शून्य. म्हंजे उपचारावाचून राहिलेलं अपंग पोर एकबी न्हाई. टाळ्या वाजल्या. आन् माझ्या मांडीवर माझी बानू, अडीच वर्साची, मान धरत न्हाई, लाळ गाळत पडलेली.

त्या शून्यापायी साहेबाचा सत्कार हुता, पर मी काय सत्काराला गेले न्हवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या हुत्या, "आत्ता व्यायाम सुरू केला तर ही बसायला लागेल. उशीर झाला तर नाही." तवापासनं मी उपचार केंद्राचे उंबरे झिजवत हुते. दर बारीला एकच, "यादीत हिचं नाव नाही." त्या दिवशी केंद्राला कुलूप, समदी साहेबाच्या सभेला. म्हणून मीबी तिथं गेले.

नाव गेलं कसं? आमी मेंढरंवाले. दिवाळी झाली की घरची माणसं मेंढरं घिऊन कऱ्हाडाकडं जात्यात. पोरीपायी मी वस्तीवरच राहिलेली. पर मेंढरं गेली की घर गेलं म्हणायची आमच्यात रीतच हाय. अंगणवाडीच्या बाईनं फाट्यावरनंच चौकशी केली. मेंढरांसंगं निघालेला माझा चुलतसासरा रीतीपरमानं म्हणाला, "गेलं समदं घर." बाई तिथनंच माघारी. कागदावर बानू स्थलांतरित. गावातनं गेलेलं पोर मोजत न्हाईत. अशी पोरं गाळून गाळून ते शून्य केलेलं.

मी उभी राहिले. "आवं साहेब, ही बघा. ही हितंच हाय. कुटं गेली न्हाई."

साहेब हसला. "बाई, तुमच्या लोकांचा ठावठिकाणा तुम्हाला तरी माहीत असतो का? मेंढरांना लस टोचायला मात्र बरोब्बर येता."

समदी हसली. अंगणवाडीची बाईबी. मला मेल्याहून मेल्यागत झालं. मी बानूच्या तोंडावर पदर टाकला. माझ्याच पोरीचं तोंड झाकलं मी! तिचा ऊन ऊन श्वास हाताला लागला आन् माझं डोस्कंच फिरलं. का म्हणून झाकू? चोरी केलीया का तिनं?

पदर काढला. तिला उचलून सरळ पडद्याफुडं जाऊन उभी राहिले. उजेड डोळ्यात गेला तशी पोर वरडाय लागली. वरडू दिली.

साहेब खाली आला, हळूच म्हणाला, "सोमवारी या. हिचं करून देतो. आकडा तेवढा राहू द्या."

 सोमवार म्हंजे माझ्या पोरीची मान! व्हय म्हणावं असं लय वाटलं. पर शेजारच्या वस्तीवर एक बहिरी पोर हाय, तीबी अशीच गाळलेली, तिच्या आईला कोण सोमवार देणार?

"सोमवारी येते," मी म्हणाले, "आन् आकडाबी बदला. हक्काचं हाय, उपकार न्हाई."

सभेतल्या दोघी बायांनी दंडाला धरून मला भाईर काढलं. सोमवारी केंद्रात म्हणाले, "वरून काही सांगितलेलं नाही."

बानू आता चार वर्साची. बसत न्हाई. डॉक्टरीणबाई आता "बसेल" म्हणत न्हाईत. लय उशीर केला मेल्यांनी.

मी वस्त्या फिरतीया. आयांना गाठतीया. येत्या सभेला आमी समद्या पोरं काखंला मारून जाणार, दारातच बसणार. पोरं मोजल्याबिगर एकाबी साहेबाला भाईर जाऊ देणार न्हाई.