डाळिंबाच्या रसाची वीज

ही गोष्ट सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. बेंबळीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. माझ्या हाताखाली नव्यानं लागलेल्या एका बाईंनी उन्हापासून वीज करायला पांढरा लेप दिलेली काच डाळिंबाच्या रसात बुडवली, उन्हात धरली आणि मीटरचा काटा हलला. तोच खटाटोप करून मी आधी हरलो होतो. शाळाभर त्यांचं कौतुक चाललं आणि माझा नुसता जळफळाट झाला.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी घाईघाईनं नवी काच केली. त्या काचेच्या एकाच बाजूनं वीज वाहते. ती बाजू तपासायची राहिली आणि लेप नेमका उलट्या बाजूला बसला. मला ते दिसलं. मी चहा पीत राहिलो.

पाहुण्यांसमोर काटा जागचा हलला नाही.

"बाई, डाळिंब खाल्लं असतं तर अंगात तरी वीज आली असती," एक जण म्हणाला. सगळ्यांच्या आधी मी हसलो. बाईंनी तो नाद कायमचा सोडला.

परवा बाई तुळजापूरच्या स्टँडवर भेटल्या. वाकून नमस्कार केला.

"सर, तवा माझं कुठं चुकलं असंल हो?"

"ऊन कमी होतं," मी म्हणालो.

म्हणायचं होतं ते वेगळंच. बाई, काच उलटी होती. मला दिसत होतं, पण तुमचं यश बघवत नव्हतं. मला माफ करा.