बुधवारची साक्ष

कितेरियाबाईंच्या वर्गात नवा माणूस आला की जुनी माणसं त्याला आधीच बजावायची, "बाबा रे, पाठ केलेलं वचन म्हणून दाखवायच्या फंदात पडू नकोस. बाई सोलून काढतील." आणि काढायच्याच. आमच्या आल्तो दा मांगाबा या टेकडीवरच्या पत्र्याच्या चर्चमध्ये पाळक येत आणि जात, पण मोठ्या माणसांचा रविवारचा बायबलचा वर्ग कितेरियाबाईंकडून काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. आठवडाभर त्या घराच्या खिडकीतून दुदू विकायच्या, म्हणजे लांबट पिशवीत गोठवलेला पेरूचा नाहीतर काजूच्या बोंडांचा रस. फ्रीजवर बायबल पालथं घातलेलं असायचं. गिऱ्हाईक दुदू चोखत जरा रेंगाळलं की त्यालाही एखादा प्रश्न पडायचा. काही मुलं त्या भीतीनं खालच्या दुकानातला महागडा दुदू घ्यायची.

बाईंचं सांगणं एकच. "वचन म्हणजे वाऱ्यानं उडत आलेलं पान नव्हे. त्याला माहेर असतं, सासर असतं. आधी काय म्हटलंय, पुढं काय म्हटलंय, कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, एवढं विचारल्याशिवाय त्याला घरात घ्यायचं नाही."

आता आमच्याकडे घरोघरी वचनांची डबी. प्लास्टिकची, पावाच्या आकाराची, आत रंगीत चिठ्ठ्या आणि चिठ्ठीवर एकेक वचन. सकाळी कॉफीआधी डोळे मिटून एक उचलायची आणि दिवसभर तिच्या जोरावर हिंडायचं. बाईंचा या डबीवर भारी राग. एकदा एक पोरगा चिठ्ठी नाचवत वर्गात आला. तिच्यावर होतं की मला बळ देणारा आहे, त्याच्या जिवावर मला सगळं जमतं. दुसऱ्या दिवशी त्याची ड्रायव्हिंगची परीक्षा होती.

"हे लिहिणारा कुठं बसलाय?" बाईंनी विचारलं.

"चर्चमध्ये?"

"तुरुंगात. आणि आदल्या ओळीत म्हणतोय, मला भरल्या पोटी राहता येतं तसं उपाशीही राहता येतं. तुझी उद्या उपाशी राहायची परीक्षा असेल तर बेलाशक जा. गाडी मागे घ्यायची असेल तर आधी शिकून घे."

पोरगा नापास झाला, आणि पुढं कितीतरी दिवस सगळा आल्तो त्याला विचारत होता, काय रे, जेवलास का?

एदिलेनीचंही तसंच. ही पोरगी बाईंच्या खालच्याच घरात राहायची. लग्नाआधी तिनं चिठ्ठी उचलली, की तुमच्यासाठी माझ्या मनात भलंच आहे, असं देव म्हणतो. ती हरखून गेली. बाई म्हणाल्या, "आदली ओळ वाच." आदल्या ओळीत देव त्या परमुलुखात नेलेल्या लोकांना सांगतोय की सत्तर वर्षं तिथंच काढा, मग मी येतो. "सत्तर वर्षं थांबतेस का त्या बाप्यासाठी?" एदिलेनी हसली आणि लग्न करून मोकळी झाली. बाळ रांगायला लागायच्या आधीच नवरा साओ पावलोला गेला तो गेलाच. बाईंनी तेव्हा एका शब्दानं डिवचलं नाही. बाळाला रोज मक्याची लापशी मात्र बाईंच्या घरून जायची. अशी बाई.

जूनच्या पावसात आल्तोवर कुणी सुखानं झोपत नाही. घरामागं उभी लाल मातीची दरड, तिच्यावर नगरपालिकेनं अंथरलेलं काळं प्लास्टिक, आणि प्लास्टिकखालून झिरपणारं पाणी. त्या वर्षी मंगळवारी पिवळी जाकिटं घातलेली माणसं आली. कितेरियाबाईंच्या मोरीमागची भेग त्यांनी पाहिली, हात घालून पाहिला, आणि सांगितलं, "बाई, घर सोडा. खालची दोन घरंही. खाली शाळा उघडलीय, गाद्या आहेत."

बाई म्हणाल्या, "बघते."

ते घर बाईंनी आणि जेनिवालनं बांधलेलं. जेनिवाल म्हणजे त्यांचा नवरा, गोदीत हमाली करायचा. रविवारची उपासना झाली की दोघं पायऱ्यांच्या तळाशी जायची आणि डोक्यावर विटा घेऊन चढायची. पुढची खोली झाली तेव्हा लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मागची होईस्तोवर जेनिवाल म्हातारा झाला, आणि त्याच खोलीत तो गेला. शाळेतल्या गादीवर कोण जातंय? पिवळी जाकिटं पायऱ्या उतरली तशी बाईंनी दार लावलं, कपाटाच्या तळाशी हात घातला आणि जेनिवालची डबी काढली. हो, तीच, पावाच्या आकाराची. त्याच्या माघारी टाकवली नव्हती. बाईंनी डोळे मिटले आणि चिठ्ठी उचलली.

जे देवावर भरवसा ठेवतात ते सियोन डोंगरासारखे, तो ढळत नाही.

बाई खाटेवर बसून पोटभर रडल्या. इतका मोठा दिलासा त्यांना कैक वर्षांत मिळाला नव्हता. आपण वर्गात काय शिकवतो ते त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं. आपल्याला हवं तेच कुणी बोललं की त्याचं गावगोत्र कोण विचारतं?

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये साक्ष द्यायची असते. ज्याला देवानं काही दाखवलं त्यानं उठून सांगायचं. कितेरियाबाई सहसा उठत नसत. त्या बुधवारी उठल्या. त्यांनी वचन म्हटलं, भेगेचं सांगितलं, म्हणाल्या, "जेनिवालनं बांधलेलं घर आहे. डोंगर ढळत नाही, मीही ढळणार नाही." आणि काय सांगू, पत्रे थरथरले एवढ्या मोठ्यानं सगळ्यांनी आमेन म्हटलं. पावसात घर सोडून जायचं कुणाच्याच जिवावर येतं. नेमकं तेव्हाच न जायची परवानगी मिळाली, आणि तीही असल्या काटेकोर बाईकडून.

खालच्या दुसऱ्या घरातल्या बिऊनं बांधलेलं गाठोडं त्याच रात्री सोडलं. बिऊ म्हणजे सत्तरीचा एकटा गडी, पूर्वी पायऱ्यांवरून गॅसच्या टाक्या वाहायचा. एदिलेनीनंही बाळाचे कपडे परत फळीवर लावले.

गुरुवारी सकाळी पाऊस जरा उघडला तशी एदिलेनी बाळाला कडेवर घेऊन बाईंच्या खिडकीशी आली. काखेत बायबल.

"ताई, रागावू नका. माहेर बघत होते."

"कुणाचं?"

"कालच्या वचनाचं. पण वर काहीच नाही, गाणं तिथंच सुरू होतं. नुसतं लिहिलंय, चढणीचं गाणं. मग आधीचं गाणं बघितलं, तर तिथंही तेच. त्याच्या आधीही तेच. म्हणजे काय हो? तुम्ही मागे सांगितलं होतंत, माझं लक्ष नव्हतं. बाळ किरकिरत होतं."

बाईंनी सांगितलं होतं. एकदा नाही, चांगलं दहा वेळा. ही यात्रेची गाणी. लोक सणाला यरुशलेमकडे पायी निघायचे आणि चढणीवर ही गाणी म्हणायचे. घरंदारं मागे टाकून, पोरं खांद्यावर, भाकरी कमरेला. सियोन, म्हणजे यरुशलेमचाच डोंगर, त्यांना समोर दिसायचा आणि ते त्याच्याकडे चाललेले असायचे. आणि गाण्यात डोंगरासारखं कोण म्हटलंय, तर माणसं. मोरीमागच्या दरडीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

"आता तू मला शिकवणार होय गं?" बाई फणकारल्या. हातातला दुदू त्यांनी फ्रीजमध्ये असा आपटला की बाळ दचकलं.

"नाही ताई," एदिलेनी म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती, आणि तेच बाईंना सहन होईना. "मला एवढंच सांगा, याला घेऊन राहू की जाऊ? तुम्ही म्हणाल तसं करते."

बाई बाळाकडे बघत राहिल्या. त्याच्या हनुवटीवर सकाळची लापशी वाळली होती. हे पोर माझ्या चिठ्ठीवर झोपणार आहे, असं त्यांच्या मनात आलं.

"जा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता जा. माझं चुकलं. गाणं चालणाऱ्यांचं होतं, आणि मी ते खाटेवर बसून वाचलं."

एदिलेनी गेली. राहिला बिऊ. बाई स्वतःचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्याच्या दाराशी उतरल्या. बिऊ कॉफी पीत होता.

"बिऊदादा, ऊठ. बुधवारी मी बोलले ते चुकीचं होतं."

"असं कसं? बुधवारी पवित्र आत्मा बोलत होता म्हणून मी आमेन म्हटलं. गुरुवारी काय तो सुट्टीवर गेला?"

"पवित्र आत्मा नव्हता रे. बुधवारी माझं घर बोलत होतं."

बिऊनं कप खाली ठेवला. "मग माझंही घर मला तेच सांगतंय. तुझ्या घराचं ऐकलं, आता माझ्या घराचं ऐकू दे की."

"त्याचं ऐकलंस तर मरशील."

"मरायचंच वय आहे. शाळेत पोरांच्या मुतऱ्या वापरायच्या का या वयात?"

बाईंनी गाठोडं उतरवलं आणि त्याच्या ओट्यावर मांडी ठोकली. "ठीक आहे. तू उठत नाहीस तोवर मी इथंच. आमेन म्हणायला मी लावलं ना? मग तुझ्याबरोबर मीही."

पाऊस पुन्हा लागला. बाईंचा झगा भिजून अंगाला चिकटला. बिऊनं दुसरी कॉफी केली, एक कप त्यांच्यापुढं ठेवला, आणि मग तोंडानं अखंड शिव्या देत कोंबड्यांना पिंजऱ्यात घातलं. "जेनिवालनं तुझ्याबरोबर दिवस कसे काढले ते तोच जाणे," असं तो पायऱ्या संपेपर्यंत म्हणत होता. बाई त्याच्या मागून चालत होत्या. त्यांनी वळून घराकडे बघितलं नाही.

शुक्रवारी पहाटे दरड आली. जेनिवालच्या दोन्ही खोल्या आणि बिऊची चूल घेऊन गेली. शाळेत बाया बाईंच्या गळ्यात पडल्या. एकजण म्हणाली, देवानं वेळेवर उठवलं. कितेरियाबाईंना घराचं वाईट वाटत होतं, पण एदिलेनीचं बाळ शाळेच्या फरशीवर रांगताना बघून त्यांना वाटलं, झालं ते झालं, निस्तरलं आपण.

दुपारी जोझुएल आला. वरच्या गल्लीतल्या निल्झाबाईंचा मुलगा. निल्झाबाईंचे गुडघे गेलेले, त्या कशाबशा बुधवारच्या तेवढ्या चर्चला यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या आणि लगेच घरी परतायच्या. दरड फक्त खाली आली नव्हती. वरची कडही ढासळली होती. जोझुएलच्या नखांत माती होती. त्यानं बाईंपुढं टोपी काढली.

"ताई, आई सापडली. उद्या माती द्यायची आहे."

बाईंनी त्याला गादीच्या कडेला बसायला जागा केली.

"मी गुरुवारी न्यायला गेलो होतो तिला. पाठुंगळीला घेतो म्हटलं. ऐकेना. म्हणाली, कितेरिया काय उगाच बोलते का, ती शंभरदा तपासून बोलते. खूश होती हो. अशी खूश बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती." त्यानं नाक पुसलं. "पाळकांना मी सांगितलंय की वचन तुम्हीच वाचाल. बुधवारचंच वाचा. तिला आवडलं होतं."

त्याच्या बोलण्यात दोष द्यायचा रोख कुठंच नव्हता. बाईंनी शोधून पाहिला. बुधवारचं बोलणं शंभर माणसांसमोर, उभं राहून, मोठ्यानं झालं होतं. गुरुवारचं फक्त खिडकीशी आणि एका ओट्यावर. वरच्या गल्लीत जाऊन सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवारी ऊन पडलं होतं. खड्ड्याशी सगळं चर्च होतं. बाईंनी बायबल उघडलं, पण बुधवारचं पान काढलं नाही. थोड्या मागे गेल्या, चढणीचं पहिलं गाणं काढलं, आणि तिथून एकेक वाचत निघाल्या. लोकांनी पायांवरचा भार बदलला. पाळक दोनदा खाकरले. सियोनच्या गाण्याशी आल्या तेव्हा बाई थांबल्या.

"हे चालणाऱ्यांचं गाणं आहे," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. मी निल्झाला ते अर्धंच सांगितलं, कारण मला घर सोडायचं नव्हतं. जोझुएल, तुझी आई देवावर विसंबून राहिली नाही रे. ती माझ्यावर विसंबून राहिली."

कुणी आमेन म्हटलं नाही. जोझुएल खाली मान घालून उभा होता. मग तो बाईंपाशी आला, त्यांच्या हातातलं बायबल मिटायच्या आत त्यानं त्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पुढची राहिलीत ना अजून? वाचा." आणि बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली.