मुलींच्या ड्रेसिंग रूमचा स्ट्रायकर

आधीच सांगून टाकतो, मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. चिंचवडला वाढलो, क्रिकेट खेळलो, तेही टेनिस बॉलने. पण पैशाचं आणि अंदाजांचं मला कळतं, आणि त्या जुलैत आमच्या क्लबच्या कमिटीने जे केलं ते बघून मला तिथल्या तिथे राग यायला हवा होता. तो वेळेवर आला नाही. म्हणून आता व्याजासकट येतोय.

आयर्लंडच्या मध्यभागात, डब्लिनहून गाडीने दीडेक तासावर आमचं गाव आहे. मी इथल्या मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीत काम करतो. हजार नळ्यांतली कुठली एक दगा देईल याचा हिशोब मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम. गावाचा फुटबॉल क्लब कुणा शेठजीचा नाही, सभासदांचा आहे. वर्षाची वर्गणी भरली की तुम्ही मालक, एका माणसाला एक मत. पुरुषांचा संघ तेव्हा देशातल्या वरच्या डिव्हिजनमध्ये होता. तिथे दहा संघ, आणि जो शेवटचा येईल त्याची रवानगी खालच्या डिव्हिजनमध्ये. तिथे गेलं की प्रेक्षक कमी, स्पॉन्सर गायब, त्यामुळे सगळं गाव पॉइंट्सच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेलं असतं.

मी सभासद झालो तो मुलीमुळे. ती तेरा वर्षांची, पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात लेफ्ट बॅक. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते या गावच्या इंग्रजीत, जिथे ‘ठीक आहे’ला ‘ग्रँड’ म्हणतात. त्या सतरा मुली कपडे बदलायच्या एका लोखंडी कंटेनरमध्ये, बोटीवरून माल येतो ना, तसल्या. आत एक बल्ब आणि दोन बाकं. टॉयलेट नाही. गरज लागली की पोरींनी रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जायचं, पावसात, चिखलाच्या बुटांनी, आणि तिथल्या माणसाची बोलणी खायची. पुरुषांना मात्र टाइल्स लावलेली खोली आणि गरम पाण्याचे शॉवर! शेवटी लीगनेच सांगितलं, पुढच्या सीझनच्या आत मुलींसाठी टॉयलेटसकट धड ड्रेसिंग रूम बांधा, नाहीतर मुलींचा संघ घेणार नाही.

मग आम्ही पालक दोन वर्षं राबलो. इथे एक पद्धत आहे, सुपरमार्केटच्या काउंटरपाशी मुलांनी उभं राहायचं, गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून द्यायच्या आणि पुढे बादली धरायची. आमच्या मुलींनी किती शनिवार त्यात घातले ते मोजलेलं नाही. कुणी केक विकले, कुणी पायी चालून देणग्या आणल्या. माझ्या बायकोने मॅचच्या दिवशी बटाटेवडे तळले. घरात स्मोक अलार्म कोकलत असायचा आणि ही एका हाताने टॉवेलने त्याला वारा घालत दुसऱ्या हाताने घाणा काढायची. आयरिश म्हातारे सुरुवातीला वडा संशयाने हातात धरायचे, नंतर चार-चार न्यायला लागले. असे पैसे जमले. वेगळ्या खात्यात ठेवले. बिल्डर ठरला, सप्टेंबरमध्ये काम सुरू करतो म्हणाला.

आणि जुलैमध्ये पुरुषांचा संघ तळाला गेला.

क्लबचे अध्यक्ष म्हणजे घरं विकण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला माणूस. जिभेवर साखर. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून एक तक्ता केला होता, उरलेल्या मॅचेस, कोण कुणाशी, घरी की बाहेर, आणि त्यावरून संघ वाचण्याची शक्यता. ते यांच्या कानावर गेलं. म्हणाले, आमच्यासाठी नीट करून दे. मला काय, बरंच वाटलं, अंगावर मूठभर मांस चढलं. दोन संध्याकाळी बसून तक्ता केला. आहे त्या संघावर वाचण्याची शक्यता तीनात एक. गोल मारणारा चांगला स्ट्रायकर आला तर दोनात एक. आणि खाली तीन ओळी लिहिल्या: तो शेवटपर्यंत फिट राहिला तर, पूर्वीच्या वेगाने गोल करत राहिला तर, आणि दुसरं कुणी जखमी झालं नाही तर. या तीन ओळींशिवाय वरच्या आकड्याला काही अर्थ नाही, असंही लिहिलं.

क्लबच्या बारवरच्या हॉलमध्ये खास सभा बोलावली. पडद्यावर माझा तक्ता. खालच्या तीन ओळी नव्हत्या. कापल्या होत्या! मी बघत राहिलो. वाटलं, जागा पुरली नसेल. इतका मी भोळा.

अध्यक्षांनी ठराव मांडला. मुलींच्या खोलीसाठी राखून ठेवलेली रक्कम तात्पुरती वापरायची, इंग्लंडमधून एक स्ट्रायकर नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सीझन संपेपर्यंत आणायचा. त्याचा पगार, त्याच्या एजंटची फी, त्याच्या फ्लॅटचं भाडं. वाचलो की गेटचा, म्हणजे तिकिटांचा पैसा वाढेल, तो परत त्या खात्यात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यांचं काय जात होतं? एकाने तरी स्वतःच्या खिशात हात घातला का? नाव नको!

"सेकंडर?" अध्यक्षांनी विचारलं.

कुणी बोलेना. सगळे आपापल्या ग्लासात बघत बसले. इथला नियम साधा आहे, ठरावाला अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथेच पडतो, मतदानच होत नाही. म्हणजे ती शांतता हाच त्या लोकांचा नकार होता. तोंडावर नाही म्हणायचं नाही, नुसतं गप्प बसायचं, ही त्यांची रीत. मला कुणी ती सांगितली नव्हती, पण सात वर्षं या देशात राहून न कळायला मी काय दूध पीत होतो?

आता माझी रीत ऐका. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत वडील बारा वर्षं अनुमोदक होते. अध्यक्ष आधीच ठरलेला, खुर्चीत बसलेला, समोर हार ठेवलेला, तरी कुणीतरी उठून सूचना करायची आणि वडिलांनी उठून म्हणायचं, "या सूचनेस मी अनुमोदन देतो." पतपेढीच्या सभेत तर अहवाल वाचून संपायच्या आत "मंजूर! मंजूर!" असा गजर, कारण मागे वेफर्सची पाकिटं आणि चहा थांबलेला. अनुमोदन म्हणजे पाठिंबा, हे आमच्या डोक्यातच नाही. अनुमोदन म्हणजे शिष्टाचार. समोरचा माणूस उभा राहून विचारतोय आणि कुणी हूं की चूं करत नाही, हे मला बघवेना. बिचारा अवघडला असेल, होऊन जाऊ दे मतदान, पडेल ठराव आपोआप, असं वाटलं. आणि माझा हात वर गेला.

"गुड मॅन!" अध्यक्ष म्हणाले, आणि सेक्रेटरीने वहीत माझं नाव लिहिलं.

मग चिठ्ठ्या वाटल्या. मी विरोधात मत टाकलं. हो, हसा! अनुमोदन मी दिलं आणि मत विरोधात टाकलं, यात काही विसंगती आहे हे मला, खाली जायच्या भीतीने ठराव चार मतांच्या फरकाने मंजूर होईपर्यंत, जाणवलंसुद्धा नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती ओट्यापाशी उभी होती, वळून म्हणाली, "तुला कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?" डब्लिनजवळ सिटीवेस्टला राहणाऱ्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, "अरे, लोक हात खाली ठेवायला शिकतात, तू वर करायला शिकलास." मुलीला काही सांगितलं नाही. नंतर सांगू म्हटलं.

स्ट्रायकर आला. तिशी उलटलेला, अदबीने बोलणारा माणूस, त्याच्यावर माझा राग नाही. दुसऱ्याच मॅचमध्ये त्याच्या मांडीचा स्नायू गेला. माझ्या कापलेल्या तीन ओळींतली पहिली ओळ. पगार चालू, भाडं चालू. दोन बेडरूमचा फ्लॅट, जिथे या गावात हॉस्पिटलच्या नर्सेसना एक खोली मिळत नाही! तो फ्लॅट अध्यक्षांच्या मेहुण्याचा, हे मला पुढे कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ऑक्टोबरमध्ये तो बरा होऊन आला, एक पेनल्टी मारली, तेव्हा आम्ही आधीच चार गोलांनी मागे होतो. दोन मॅच शिल्लक असतानाच संघ खाली गेला. तेलही गेलं, तूपही गेलं. सप्टेंबरात बिल्डर आलाच नाही, आणि पोरी पावसापाण्यात पेट्रोल पंपावरच जात राहिल्या.

नोव्हेंबरात सभा झाली. मुलींची कोच आली होती, दिवसभर हॉस्पिटलात नर्सची ड्यूटी करून संध्याकाळी फुकट शिकवणारी बाई. तिच्याबरोबर सात-आठ मुली, त्यात माझी. मागच्या रांगेत बसल्या. कोच उठली आणि सरळ विचारलं, "आमचे पैसे कुठे आहेत?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, पैसे कुणी घेतलेले नाहीत, सभासदांनी निर्णय घेतला. सगळ्यांनाच वाईट वाटतंय. आणि मग हा माणूस, देवाशप्पथ सांगतो, माझ्याकडे हात करून म्हणाला, "ठरावाला अनुमोदन कुणी दिलं होतं, ते बघा. याच संघातल्या एका मुलीच्या वडिलांनी. मुलींवर अन्याय होत असता तर त्यांनी दिलं असतं का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागे माझी मुलगी बसली होती, तिकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मी उठलो. राग आला की माझं इंग्रजी पळून जातं, तसं गेलं. तरी बोललो. माझ्या तक्त्याच्या तीन ओळी का कापल्या? ते भाडं कुणाच्या खिशात गेलं? सतरा मुलींनी पिशव्या भरून जमवलेला पैसा तुम्ही एका मांडीवर लावला, आणि आता माझ्या हातामागे लपताय? लाज नाही वाटत? "आह नाऊ," अध्यक्ष म्हणाले, लहान मुलाला समजवावं तसं. "आह नाऊ." मी म्हणालो, मी विरोधात मत दिलं होतं, आमच्याकडे अनुमोदन म्हणजे नुसता शिष्टाचार असतो. कुणीतरी खुदकन हसलं. मग सेक्रेटरीने पुढचा विषय वाचला. ड्रेसिंग रूम नाही, म्हणून पुढच्या सीझनला मुलींचा संघ उतरवायचा नाही. पैसे जमतील तसे परत करू, असं एक वाक्य त्याला जोडलं. ते कधी, हे लिहिलं नव्हतं. त्या वेळी अनुमोदक लगेच मिळाला.

मुलीला गाडीत घेऊन घरी निघालो. चर्चपाशी सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, तिच्या इंग्रजीतच, "तुला वाटत होतं का, की आमचे पैसे त्यांना द्यावेत?"

"नाही गं!" मी घाईघाईने म्हणालो. "अजिबात नाही. मी विरोधात मत दिलं, विचार कुणालाही." हे ऐकून तिला बरं वाटेल अशी माझी खात्री होती.

"मग हात का वर केलास?"

"कुणीच करत नव्हतं. ते बरं दिसत नव्हतं."

सिग्नल सुटला. तिने खिडकीकडे तोंड केलं.

"दॅट्स वर्स, बाबा," ती म्हणाली.

सतरातल्या चार मुली आता चाळीस मिनिटांवरच्या दुसऱ्या गावच्या क्लबात खेळतात. बाकीच्या तेरा जणींनी फुटबॉल सोडला. आठवड्यातून तीनदा मी मुलीला घेऊन जातो आणि बाहेर गाडीत बसून वाट बघतो. तिथे मुलींसाठी खोली आहे, टॉयलेट आहे, गरम पाणी आहे. येताना-जाताना ती मागच्या सीटवर बसते, बॅग शेजारी, कानात इअरफोन. आधी माझ्याशेजारी बसायची आणि रेडिओवरून माझ्याशी भांडायची. परवा मी म्हटलं, "अगं, पुढे ये ना बसायला."

"आय'म ग्रँड हिअर," ती म्हणाली, आणि तिने सीट बेल्ट लावला.