चढावर बोलणारी

माझी एक मैत्रीण आहे, इथलीच, देवपूरची. कॉलेजात असताना आम्ही चार-पाच जणी लळिंगच्या किल्ल्यावर जायचो, आणि ही बाई चढताना बोलायची. नुसती बोलायची नाही, साग्रसंगीत सांगायची: मावशीच्या दिराचं लग्न कसं मोडलं, रुसून बसताना विहिणीनं कुठली साडी नेसली होती. पायांत साध्या रबरी चपला. मी कॅनव्हासचे नवे बूट आवळून, लालबुंद तोंडानं मागे. तिनं काही विचारलं की माझं उत्तर एकच, "हं." त्याहून मोठ्या शब्दाला श्वास पुरत नसे. बाकीच्या माझ्याबद्दल म्हणायच्या, "शिष्ट आहे बाई ही."

वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, उभं राहू न देणारा वारा, खाली लांबवर पसरलेला मुलूख. दुसऱ्या कुणी हात जोडले असते. मी तिचं नाक निरखायची. घामाचा थेंब नाही. एवढा मुलूख समोर, आणि मी येडी नाक बघत उभी.

वय वाढलं की शहाणपण येतं, असं मी नातवंडांना सांगते. खरं नाही ते. या हिवाळ्यात आम्हा सगळ्याजणींचं पुन्हा किल्ल्यावर जायचं ठरलं, त्या दिवसापासून मी बिल्डिंगचा जिना बोलत बोलत चढायला लागले. शेजाऱ्यांना वाटलं, आजी जप करतात.

आणि किल्ल्याच्या अर्ध्या वाटेत ती बोलकी मैत्रीणच दगडावर बसली. "तू जाय वं माय. मना गुडघा दुखस." बाकीच्याही लगेच तिच्याभोवती बसल्या. शेंगदाणे, गूळ निघाला.

मी एकटीच वर गेले. विषय भरपूर, श्वास भरपूर, ऐकायला फक्त वारा. समोर नाक नव्हतं म्हणून पहिल्यांदा नीट पाहिलं: कपाशीची करडी शेतं, पांझरा नदीची बारीक रेघ, पलीकडे उन्हात पांढरं पडलेलं देवपूर. तेवढ्यात खालून त्यांचं खिदळणं ऐकू आलं आणि माझं बघणं संपलं.

खाली त्यांच्यापाशी आले तर ती विचारते, "वर काय दिसनं तुले?"

"तुझी गच्ची," मी म्हटलं. "पापड वाळत घातलेत का आज?"

"खोटं."

"जाऊन बघ."

गुडघा विसरून ती उठली, बाकीच्याही मागोमाग निघाल्या. मी शेजारी चालत बोलत राहिले, सुनेपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळं. ती एकेक पाऊल टाकत म्हणत होती, "हं." इतक्या वर्षांचं माझं "हं" तिच्या तोंडात. मी हवेत होते.

मागून एक कुजबुजली, "किती शांत चढते ना ती. डोंगराचा मान ठेवते."

"नाहीतर ही," दुसरी म्हणाली. "तोंडाला खळ नाही."

वर पोचल्यावर ती डोळ्यांवर हात धरून गच्ची शोधत राहिली. नाकावर घाम आला होता. मेलीला तोही शोभत होता.